मॉनिटर खोटा, आणि पैसे पोराचे कापले

भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. शिक्का नसेल तर वैधमापन शास्त्र विभाग दंड करतो. पेट्रोल पंपाच्या मशीनला सील असतं. मुंबईत रिक्षाचं भाडं वाढलं की मीटरचं कॅलिब्रेशन करून घ्या म्हणून आरटीओ मुदत ठरवून देतं. ज्या यंत्राच्या आकड्यावर दुसऱ्याचा खिसा अवलंबून आहे, त्या यंत्रावर कुणाचं तरी लक्ष हवं, एवढं आपण समाज म्हणून मान्य केलेलं आहे.

आता टीव्हीच्या धंद्यात या. ज्या मॉनिटरकडे बघून एपिसोड ‘ओके’ होतो किंवा परत पाठवला जातो, ज्याच्याकडे बघून नटीच्या चेहऱ्यावर किती लाइट मारायचा ते ठरतं, त्या मॉनिटरवर शिक्का नाही, तारीख नाही, सही नाही. तो शेवटचा कधी मोजला, असं विचारलं तर लोक अशा नजरेने बघतात की जणू तुम्ही त्यांचा पगार विचारलात.

मी गेली एकवीस वर्षं हेच काम करतो. मॉनिटर लावायचे, मोजायचे, त्यांची कॅलिब्रेशन प्रोफाइल्स बनवायची. गोरेगाव, अंधेरी, मढ, मधूनमधून पुणे-कोल्हापूर. त्यामुळे खाली जे लिहितोय ते ऐकीव नाही. आणि हा विषय फक्त आमच्या जातभाईंचा, तंत्रज्ञांचा आहे असं समजून पुढे स्क्रोल करू नका. यात तुमचा टीव्ही आहे, तुमचा कर आहे आणि तुमच्या घरातल्या सावळ्या मुलीचा चेहराही आहे.

आधी कॅलिब्रेशन म्हणजे काय ते सरळ सांगतो.

टीव्हीच्या चित्राची मापं जगभर ठरलेली आहेत. एचडीसाठी आयटीयूची बीटी.७०९ ही शिफारस १९९० पासून आहे. लाल, हिरवा आणि निळा म्हणजे नेमका कुठला, हे तिच्यात आकड्यांनी लिहिलंय. पांढरा म्हणजे कुठला तेही लिहिलंय. त्याला डी६५ म्हणतात, आकड्यांत एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९०. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढत जावा हे २०११ च्या बीटी.१८८६ मध्ये आहे, तो २.४ चा गॅमा. साध्या, म्हणजे एचडीआर नसलेल्या कामासाठी रेफरन्स मॉनिटरवर पूर्ण पांढऱ्याचा उजेड १०० निट्स धरतात. कुणाच्या आवडीनिवडीचा यात काही संबंध नाही. किलो म्हणजे किलो, तसं हे.

पण कुठलंही पॅनल कारखान्यातून निघताना या आकड्यांवर तंतोतंत बसत नाही. बसलं तरी तिथे टिकत नाही. बॅकलाइट म्हातारा होतो, ओएलईडी झिजतं, पांढरा हळूहळू पिवळट किंवा निळसर होत जातो. म्हणून मोजावं लागतं. मॉनिटर अर्धा तास तरी चालू ठेवायचा म्हणजे पॅनल स्थिरावतं. खोलीतला उजेड आवरायचा. पडद्यासमोर प्रोब लावायचा. पॅटर्न जनरेटर एकेका रंगाचा चौकोन दाखवत जातो, प्रोब मोजत जातो. असे शेकडो चौकोन, कधी हजारो. सॉफ्टवेअर हिशोब मांडतं : मागितला हा रंग, आला तो रंग. त्यातून दुरुस्तीचं एक कोष्टक तयार होतं. याला लुकअप टेबल म्हणतात, आमच्या बोलीत ‘लट’. ३३ बाय ३३ बाय ३३ ची लट असेल तर तिच्यात ३५,९३७ नोंदी असतात. ती मॉनिटरमध्ये किंवा मधल्या लट बॉक्समध्ये भरायची. आणि मग, हे बहुतेक जण गाळतात, पुन्हा मोजायचं. किती चूक उरली ते बघायचं, अहवाल काढायचा, तारीख टाकायची, सही करायची.

अर्ध्या दिवसाचं काम आहे हो. रॉकेट सोडायचं नाहीये.

आता प्रत्यक्षात काय चालतं ते बघा.

एका मॉनिटरचं प्रोफाइल बनवायचं आणि तेच बाकीच्या नऊंवर चढवायचं. का, तर मॉडेल एकच आहे. एका आईची चार मुलं आहेत म्हणून चौघांना एकाच नंबरचा चष्मा लावाल का? एकाच खोक्यातून निघालेली दोन पॅनल्स पहिल्या दिवशीही सारखी नसतात. वर्षभराने एक रोज सोळा तास चाललेलं असतं आणि दुसरं चार.

एडिटच्या कॉम्प्युटरमध्ये डिस्प्ले प्रोफाइल टाकायचं आणि समजायचं की शेजारचा ब्रॉडकास्ट मॉनिटरही सुधारला. तो मॉनिटर एसडीआय केबलवर, वेगळ्या व्हिडिओ कार्डातून चालतो. विंडोज किंवा मॅकच्या सेटिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिथली दुरुस्ती तिथेच, मॉनिटरमध्येच करावी लागते.

सिग्नल लीगल रेंजमध्ये, म्हणजे दहा बिटांत ६४ ते ९४०, आणि मॉनिटर फुल रेंजवर लावून ठेवलेला. काळा राखाडी दिसतो, चित्र पाणी घातल्यासारखं. मग बिचारा कलरिस्ट काळा दाबत सुटतो, आणि घरी तुमच्या टीव्हीवर रात्रीच्या प्रसंगात काहीच दिसत नाही. ‘हल्लीच्या मालिकांत सगळं काळंकुट्ट असतं’ अशी तक्रार तुम्ही करता ना, त्यातल्या काही तक्रारींचं मूळ इथे आहे.

प्रोब आहे, पण तो कुठल्या पॅनलसाठी लावायचा ते सेटिंग कुणी बघितलेलंच नाही. साध्या कलरीमीटरला बॅकलाइटचा प्रकार बदलला की दुरुस्ती लागते. ती न देता घेतलेलं माप म्हणजे काट्यावर अंगठा ठेवून केलेलं वजन.

आणि खोली! डोक्यावर पिवळे दिवे, मागे केशरी भिंत, त्यावर कंपनीचा चमकणारा लोगो. रेफरन्स मॉनिटरच्या मागची भिंत राखाडी हवी, तिच्यावरचा उजेड मंद आणि डी६५ चाच हवा, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण भिंत इंटिरिअरवाला ठरवतो, इंजिनिअरला कोण विचारतो?

ठीक आहे, म्हणाल, असेल थोडं इकडेतिकडे. जीव जात नाही कुणाचा. मग किंमत कोण मोजतं ते ऐका.

मागच्या वर्षीची गोष्ट. एका पोस्ट प्रॉडक्शन हाऊसमध्ये एका मालिकेचा एपिसोड क्यूसीतून परत आला. शेरा : चेहरे हिरवट. तिथला कलरिस्ट, पंचविशीतला पोरगा, रात्रभर बसला आणि पुन्हा ग्रेड करून दिला. परत आला. शेरा : आता लाल. आणखी एक रात्र. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मला मॉनिटर तपासायला बोलावलं. पोराचा मॉनिटर मी मोजला. ठीक होता, पांढरा डी६५ ला धरून, गॅमा जागेवर. म्हटलं, आता क्यूसीचा मोजू. नाही म्हणाले. का? ‘तो आमचा रेफरन्स आहे.’ शेवटचा कधी मोजला? त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. तो रेफरन्स होता कारण तो साहेबांच्या खोलीत होता. पोराचे त्या महिन्यात ‘रीवर्क’च्या नावाखाली पैसे कापले.

माझा सगळा राग इथे आहे. मोजमाप नसलं की ज्याचा हुद्दा मोठा त्याचा डोळा खरा ठरतो. दोन माणसांत वाद झाला आणि मधे काटा नसला, तर निकाल पदावरून लागतो. मोजमाप हे नेहमीच दुबळ्याच्या कामाचं असतं. सावकाराला काट्याची गरज नव्हती, कुळाला होती. त्या पोराच्या हातात दोन्ही मॉनिटरचे तारीख-सहीचे अहवाल असते तर दोन ओळींच्या ईमेलमध्ये विषय संपला असता. ते त्याच्या हातात येऊ नयेत यात कुणाकुणाची सोय आहे, हे तुम्हीच ओळखा.

आता चेहऱ्याकडे येतो.

रंग मोजायचं एक उपकरण असतं, व्हेक्टरस्कोप. त्यावर एक रेषा असते, तिला आम्ही स्किन टोन लाइन म्हणतो. माणूस गोरा असो, सावळा असो, काळा असो, नीट टिपलेल्या त्वचेचा रंग त्या एकाच रेषेच्या आसपास पडतो. फरक पडतो तो उजेडात आणि गडदपणात. म्हणजे उपकरणाच्या लेखी आपण सगळे जवळपास एका दिशेचे. भेद करतो तो मॉनिटरसमोर बसलेला माणूस.

सेटवर काय होतं? व्हिडिओ व्हिलेजमधला मॉनिटर ‘व्हिव्हिड’वर, ब्राइटनेस कुणीतरी चहा पिता पिता कमी केलेला. सावळी मुलगी फ्रेममध्ये येते. मागून आवाज येतो : ‘चेहरा काळा दिसतोय, लाइट वाढव.’ लाइट वाढतो. मेकअपदादाला दोन शेड वर जायला सांगतात. तिचा चेहरा सपाट होतो, तेलकट चमकतो, डोळ्यांखालचे बारकावे पुसले जातात. नंतर ग्रेडिंगमध्ये ‘मॅडम अजून थोड्या उजळ करा’. प्रेक्षकांच्या घरी पोचते ती एक पिठूळ बाहुली. मग मीटिंगमध्ये निष्कर्ष निघतो की सावळ्या मुली कॅमेऱ्याला ‘चालत नाहीत’. कॅमेऱ्याला सगळं चालतं. खोटा होता तो मॉनिटर, आणि त्याच्या आडोशाला आपला जुना रंगाचा रोग सुखाने बसला होता.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. कोडॅक कंपनी फोटो लॅबना छपाईचे रंग जुळवायला एक नमुना-फोटो पाठवायची, ‘शर्ली कार्ड’ म्हणून प्रसिद्ध. त्यावर गोरी बाई. तिचा चेहरा नीट उतरला की मशीन नीट. काळ्या माणसांचे चेहरे फोटोत बुडून जायचे, आणि वर्षानुवर्षं दोष त्यांच्या कातडीला दिला गेला. अभ्यासकांनी नोंदवलंय की कंपनीला जाग आली त्यात मोठा हात फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा होता. जाहिरातीत लाकडाच्या आणि चॉकलेटच्या छटा नीट येईनात म्हणून! माप कुणाच्या चेहऱ्यावरून ठरवायचं हा प्रश्न सत्तेचा असतो, तो असा.

आता करदात्याचा मुद्दा.

सरकारी आणि अनुदानित माध्यमसंस्थांत मॉनिटर येतात कसे? टेंडर निघतं. त्यात इंच असतात, रिझोल्यूशन असतं, पोर्ट किती ते असतं, ‘किंवा समतुल्य’ असतं. लाखोंचे मॉनिटर येतात, हार घातला जातो, फोटो निघतो. कॅलिब्रेशनची ओळ मात्र टेंडरमध्ये नसते. असली तर ‘एकदा बसवताना’ एवढीच. एका शैक्षणिक संस्थेत मी स्वतः बघितलंय : मॉनिटरसोबत आलेला प्रोब सीलबंद खोक्यात कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली जे निवृत्त झाले त्यांच्याकडे. विद्यार्थी तीन वर्षं त्या मॉनिटरवर रंग शिकून बाहेर पडले. खरेदीला आपल्याकडे उत्साह आहे कारण खरेदीत बिल असतं. देखभालीत नुसतं काम असतं.

यापेक्षा गंभीर गोष्ट जुन्या चित्रपटांची आहे. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या ठेव्यातले सिनेमे राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली डिजिटल करण्याचं काम सार्वजनिक पैशातून होतं. काम गरजेचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रिस्टोरेशनमध्ये रंग ठरतो तो कुणाच्या तरी समोरच्या मॉनिटरवर. तो मॉनिटर निळसर असेल तर त्याची भरपाई म्हणून अख्खा सिनेमा पिवळट होईल आणि तसाच फाइलमध्ये गोठेल. पुढच्या पिढीसमोर तीच फाइल ‘मूळ’ म्हणून जाईल. मूळ प्रिंट तोवर विरून गेलेली असेल तर चूक सिद्ध करायलाही काही उरणार नाही. म्हणून माझी मागणी अशी की सार्वजनिक पैशातून रिस्टोअर झालेल्या प्रत्येक सिनेमासोबत, तो ज्या मॉनिटरवर ग्रेड झाला त्याचा पडताळणी अहवाल जाहीर झाला पाहिजे. एक पानाचा कागद. यात कुणावर आरोप नाही. हिशोब मागणं म्हणजे चोर म्हणणं नव्हे.

रंगाचं दुखणं आपल्याला नवं नाही. १९३३ साली प्रभातने ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला. प्रक्रिया जर्मनीत झाली आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. तेव्हा निदान हे म्हणता येत होतं की यंत्र सातासमुद्रापार आहे, आपल्या हातात काही नाही. १९८२ ला एशियाडच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं तेव्हाही उपकरणं दुर्मीळ होती. आज कामचलाऊ प्रोब एखाद्या बऱ्या मोबाइलच्या किमतीत येतो. आता यंत्र नाही ही सबब चालणार नाही.

बाकीच्या सबबीही मला तोंडपाठ आहेत, त्यांची उत्तरं देऊन टाकतो.

‘प्रेक्षक मोबाइलवर बघतो, त्याचा टीव्ही कुठे कॅलिब्रेटेड आहे?’ बरोबर, नाही. कुणाचा निळा, कुणाचा लाल, कुणाचा भडक. पण या चुका दहा दिशांना पसरलेल्या असतात. चित्र मुळात मधोमध असेल तर प्रत्येकाकडे थोडंथोडंच बिघडतं. तुम्हीच ते एका बाजूला ढकलून पाठवलंत, तर त्याच बाजूला झुकलेल्या टीव्हीवर ते बघवत नाही. गिऱ्हाईक घरी जाऊन मीठ जास्त घालेल म्हणून वाण्याने पीठ कमी तोलायचं का?

‘माझा डोळा तयार आहे, वीस वर्षं काम करतोय.’ दादा, डोळा तयार होतो तसाच फसतोही. पिवळ्या दिव्याखाली थोडा वेळ बसलात की कागद पांढराच दिसायला लागतो. मेंदू समोरच्या उजेडाला ‘पांढरा’ मानून टाकतो, हा त्याचा गुण आहे. याच गुणामुळे रोज थोडाथोडा बिघडणारा मॉनिटर बिघडलाय हे त्याच्यासमोर रोज बसणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं.

‘स्कोप आहे ना!’ आहे, आणि तो बघितलाच पाहिजे. पण स्कोप सिग्नल मोजतो, पडदा नाही. सिग्नल अगदी बरोबर असताना पडदा खोटं बोलत असला तर स्कोपला त्याचा पत्ता लागत नाही. आणि दिग्दर्शक, निर्माता, वाहिनीचा माणूस स्कोप बघत नाहीत, पडदाच बघतात. फर्मान सुटतं ते पडद्यावरून.

‘बजेट नाही.’ एपिसोड दोनदा परत येतो तेव्हा रात्रीचे पैसे कुणाच्या बजेटमधून जातात? कंपनीच्या नाही, म्हणून तुम्हाला ते दिसत नाहीत. ते त्या पोराच्या झोपेतून जातात.

मग करायचं काय? मोठी समिती वगैरे नको. साध्या चार गोष्टी.

१) प्रत्येक ब्रॉडकास्ट मॉनिटरच्या कडेला एक चिकटपट्टी : कधी मोजला, कुणी, कुठल्या प्रोबने, कुठलं प्रोफाइल भरलंय, पुढची तारीख काय. गॅस सिलिंडरवर तारीख असते, यावर का नसावी?

२) क्यूसीत रंगावरून एपिसोड परत पाठवायचा असेल तर परत पाठवणाऱ्याने आपल्या मॉनिटरचा चालू अहवाल सोबत जोडायचा. अहवाल नसेल तर तो शेरा नव्हे, मत. मतासाठी कुणाचे पैसे कापता येणार नाहीत, हे करारात लिहा. तंत्रज्ञांच्या संघटनांनी ओव्हरटाइमइतक्याच जोराने हे मागायला हवं.

३) सरकारी टेंडरमध्ये मॉनिटरच्या किमतीसोबत किमान पाच वर्षांच्या पडताळणीचा खर्च आणि दरवेळच्या अहवालाची अट. अहवाल नाही तर देखभालीचं बिल नाही.

४) माध्यमांचं शिक्षण देणाऱ्या प्रत्येक कॉलेजात मुलांच्या हातात प्रोब द्या. सॉफ्टवेअर यूट्यूबवरही शिकता येतं. मोजायची सवय तिथे लागत नाही.

आणि जे आज या धंद्यात आहेत, त्यांनी टेंडरची वाट बघू नये. कलर बार लावा, काळ्याशेजारच्या बारीक पट्ट्या बघा. काळ्यापेक्षा किंचित काळी पट्टी दिसता कामा नये, किंचित उजळ पट्टी जेमतेम दिसली पाहिजे. याला दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. यातून रंग सुधारणार नाही, पण ब्राइटनेसशी कुणी खेळलंय का ते लगेच कळेल. तेवढं करा आणि मग साहेबांना नम्रपणे, लेखी विचारा : ‘सर, आपला मॉनिटर शेवटचा कधी मोजला?’

कमेंटमध्ये फक्त उत्तराची तारीख लिहा. संस्थेचं, माणसाचं नाव लिहू नका, कुणाची नोकरी घालवायची नाहीये. नुसत्या तारखा खाली ओळीने येऊ देत. ज्यांना तारीख मिळणार नाही त्यांनी ‘माहीत नाही’ लिहा.